पडत्या गोलावरून वरच्या हवेची घनता: ९० किमीवर तापमान ४०० केल्विन का येतंय?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. भौतिकीच्या प्रकल्पाला 'फुगवता पडता गोल' हा विषय घेतलाय: रॉकेटने वर नेऊन फुगवलेला हलका गोल पडताना रडारने बघायचा आणि हवा त्याला किती अडवते त्यावरून घनता काढायची. रॉकेट आणि रडार आपल्याकडे येणार नाही, म्हणून सगळा खेळ संगणकावर मांडलाय. १ मीटर व्यासाचा, १६० ग्रॅमचा गोल ११५ किमीवरून सोडला. १९७६ चं प्रमाण वातावरण (सरासरी हवेचा ठरलेला तक्ता) वापरून तो ३० किमीपर्यंत पाडला, वारा शून्य ठेवला आणि पृथ्वीचं फिरणं धरलं. दर ०.१ सेकंदाला त्याची जागा नोंदवली आणि रडारची चूक म्हणून प्रत्येक नोंदीत ५ मीटरचा यादृच्छिक नॉइज मिसळला. आता हवा माहीतच नाही असं समजून उलटा हिशेब करायचा आहे: जागेवरून वेग, वेगावरून त्वरण, त्वरणावरून घनता, घनतेवरून तापमान.

अडचणी अशा:

१) सरळ वजाबाकीने त्वरण काढलं तर ते हजाराच्या घरात उड्या मारतं, निम्म्या ठिकाणी घनता ऋण येते. २ सेकंदांच्या तुकड्यावर द्विघात वक्र बसवून पाहिला, तरी ९० किमीवर तापमान कधी ४०० केल्विन, कधी ९०.

२) ७० किमीच्या आसपास तापमानात एक टेंगूळ येतं, जे मूळ वातावरणात नाही.

३) वारा शून्य दिला होता, तरी ८५ किमीवर ५ मी./से. वारा दिसतो.

आणि बाहेरून येणारे परीक्षक विचारणारच की हवामान खात्याचा फुगा असताना ही उठाठेव कशाला. नेमकं उत्तर काय द्यावं?

सातमाळा

पहिल्या अडचणीत प्रोग्राम चुकलेला नाही, गणितच तसं आहे. तीन नोंदींवरून दुसरा फरक घेतला की त्वरणातली चूक = √६ × ५ ÷ (०.१)². म्हणजे सुमारे १२२५ मी./से.². मोजायचं काय, तर ९० किमीवर पाच-साडेपाच मी./से.² ची ओढ (हवेच्या विरोधाने येणारं त्वरण). जत्रेच्या लाउडस्पीकरखाली उभं राहून मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखं आहे ते.

विंडो, म्हणजे वक्र बसवायचा तुकडा, लांब करा. 'क' सेकंदांच्या तुकड्यात 'न' नोंदी असतील आणि त्यावर द्विघात वक्र बसवला, तर

त्वरणातली चूक = जागेतली चूक × √(७२० ÷ न) ÷ क²

तुमचे २ सेकंद, २० नोंदी टाका: ७.५ मी./से.². ओढीपेक्षा चूक मोठी, म्हणून तापमानाचा तमाशा. १० सेकंद, १०० नोंदी टाका: ०.१३ मी./से.². पाचपट लांबी केली की चूक छप्पनपट उतरते, कारण क चा वर्ग आणि न चं वर्गमूळ दोन्ही कामाला लागतात.

पण हे फुकट मिळत नाही. ९५ किमीवर गोल सहाशे मी./से. च्या वर पळत असतो. १० सेकंदांत तो ६ किमी खाली आला, म्हणजे त्या ६ किमीच्या आतली कुठलीही लाट तुम्हाला दिसणार नाही. ४५ किमीवर वेग ७० च्या आसपास, तिथे तेच १० सेकंद म्हणजे ७०० मीटर. या पद्धतीचं उभं विभेदन (उंचीत किती बारीक दिसतं ते) ८५ किमीला ८ किमी, ७० ला ३ किमी आणि ४५ ला ०.८ किमी असं छापलेलं आढळतं, त्याचं मूळ इथे आहे. उपकरण सारखंच राहतं, पळणं बदलतं.

एकच विंडो वरपासून खालपर्यंत लावू नका. ८५ ते ७० किमीच्या पट्ट्यात त्वरण झपाट्याने बदलतं, तिथे १० सेकंदांचा द्विघात वक्र शिखर छाटून टाकतो. तिथे ६ सेकंद घ्या. चूक ०.४८ होते, पण ८० किमीवर ओढ २० मी./से.² च्या आसपास असते, म्हणजे अडीच टक्केच. ५० च्या खाली पुन्हा १० किंवा जास्तही चालेल.

एक इशारा. तुमचा नॉइज प्रत्येक नोंदीत स्वतंत्र आहे. खऱ्या रडारची चूक तशी नसते, ती हळूहळू सरकत राहते, त्यामुळे वरच्या सूत्रातले आकडे प्रत्यक्षात जरा जास्तच गोड वाटतात. अहवालात हे लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

आणि उलट्या हिशेबात गुरुत्वत्वरण किती धरलंय? ९.८ असेल तर बदला. ९० किमीवर ते ९.५३ असतं. ९५ किमीवर फरक ०.२८, आणि तिथली ओढ जेमतेम २. म्हणजे नॉइज नसतानाही घनता १४ टक्के चुकली.

बिंदुसरा (बीड)

सातमाळांनी त्वरणाचं सांगितलं. मी पुढचं घेतो, कारण टेंगूळ आणि खोटा वारा तिथून येतात.

सूत्र (वरची दिशा धन, खाली पडताना उभा वेग ऋण; सीडी म्हणजे ड्रॅगचा, हवेच्या ओढीचा गुणांक):

घनता = २ × वस्तुमान × (गुरुत्वत्वरण + उभं त्वरण) ÷ (सीडी × छेदक्षेत्र × एकूण वेग × उभ्या वेगाचं परिमाण)

छेदक्षेत्र ०.७८५ चौ. मी., वस्तुमान ०.१६ किलो, म्हणजे क्षेत्र भागिले वस्तुमान ४.९. या एका आकड्यावर सगळं उभं आहे. क्रिकेटच्या चेंडूला तो ०.०३ च्या आत येतो, म्हणून चेंडू ९० किमीच्या हवेला दादच देणार नाही. एवढा मोठा आणि एवढा हलका गोल रॉकेटमधून नेण्याचा मार्ग एकच, घडी करून न्यायचा आणि वर फुगवायचा.

आता सीडी. तो स्थिर नाही. मॅक (वेग भागिले ध्वनीचा वेग) आणि रेनॉल्ड्स (हवेच्या जडत्वाचं तिच्या चिकटपणाशी प्रमाण), दोन्ही आकड्यांवर अवलंबून आहे. वर ८५-९० किमीला मॅक अडीचच्या आसपास, रेनॉल्ड्स दोनशे-चारशे, तिथे सीडी १.३-१.४. त्याच्याही वर हवेच्या रेणूंचा मोकळा पल्ला (दोन टकरींमधलं अंतर) वाढत जातो, ९० किमीवर २.४ सेंमी आणि १०० किमीवर १४ सेंमी. मग १ मीटरच्या गोलाभोवती हवा 'वाहते' असं म्हणणंच सैल पडतं आणि सीडी २ कडे सरकतो. खाली ६० किमीला मॅक ०.५५, रेनॉल्ड्स तीन-साडेतीन हजार, सीडी ०.४२-०.४५. सीडीचे हे तक्ते बॅलिस्टिक रेंजमध्ये (गोळीसारखं झाडून मोजायच्या प्रयोगशाळेत) छोटे गोल झाडून १९७० च्या सुमारास नीट बसवले गेले आणि पद्धतीवरचा विश्वास त्यानंतर वाढला.

तुमचं टेंगूळ मॅक १ चं आहे. ७०-७२ किमीच्या आसपास गोल ध्वनीच्या वेगाखाली येतो आणि तेवढ्याच पट्ट्यात सीडी जवळपास १ वरून ०.६ कडे घसरतो. मॅक काढायला ध्वनीचा वेग लागतो, त्याला तापमान लागतं, आणि तापमान तर अजून काढायचंय. तुम्ही बहुतेक एकदाच अंदाजे तापमान घालून पुढे गेलात. २२० केल्विनला १० केल्विनची चूक म्हणजे मॅकमध्ये २.३ टक्के, त्या उतारावर सीडीत सुमारे ३ टक्के, घनतेत ३ टक्के, आणि तापमानात पुन्हा ६-७ केल्विन. फेऱ्या मारा: प्रमाण तापमानाने सुरू करा, घनता काढा, तापमान काढा, ते परत मॅकमध्ये घाला. तीन-चार फेऱ्यांत आकडे बसतात. शिवाय तक्त्यात मॅक ०.८ ते १.२ च्या मधले बिंदू दाट ठेवा. दोन बिंदूंत सरळ रेष ओढली तर तिथेही टेंगूळ उगवतं.

तापमान असं:

तापमान(उंची) = [वरची घनता × वरचं तापमान + (हवेचा मोलभार ÷ वायुस्थिरांक) × वरून त्या उंचीपर्यंत घनता × गुरुत्वत्वरण यांची बेरीज] ÷ त्या उंचीची घनता

यात एक गंमत आहे आणि माझ्या मते पद्धतीचा जीव तिच्यात आहे. घनता वरही आहे, खालीही आहे. सीडी सगळीकडे ५ टक्क्यांनी चुकला, गोलाचं वजन ५ ग्रॅमनी चुकलं, तरी घनता चुकते, तापमान हलत नाही. तापमान बिघडतं ते चूक उंचीप्रमाणे बदलली तरच. म्हणून सगळी काळजी मॅक १ पाशी खर्च करा, वजनाच्या तिसऱ्या दशांशावर नको.

वरचं सुरुवातीचं तापमान मात्र कुठून तरी उसनं आणावं लागतं. ते चुकलं तर चूक घनतेच्या प्रमाणात विरत जाते: ९० वरून ८० किमीला आलात की ०.१८५ पट, ७० ला आलात की ०.०४ पट. २५ केल्विनची चूक ७० ला १ केल्विन उरते. म्हणून वरचे सात-आठ किमी छापायचेच नाहीत. नॉर्वेत आंडोया इथे उन्हाळ्यात सोडलेल्या गोलांनी ८८ किमीच्या आसपास १३० केल्विन, म्हणजे उणे १४३ अंश दाखवले. ध्रुवाजवळ वरची हवा सगळ्यात थंड असते ती उन्हाळ्यात. तिथे कुणी प्रमाण वातावरणाचे १८७ घालून बसला असता तर दहा किमी खालीही दहा केल्विनने गंडला असता.

खोटा वारा: वाऱ्याचं सूत्र आहे

वारा = आडवा वेग + आडवं त्वरण × उभ्या वेगाचं परिमाण ÷ (गुरुत्वत्वरण + उभं त्वरण)

दुसरं पद म्हणजे गोल वाऱ्यामागे किती रेंगाळतोय ते. ६० किमीवर वेग १७०, आडवं त्वरण ०.३, खालचा भाजक ११.५ धरा, ४.४ मी./से. ची भर पडते. तुम्ही पाडताना पृथ्वीचं फिरणं धरलं आणि उलट्या हिशेबात विसरलात. आपल्या अक्षांशावर ६६५ मी./से. ने पडणाऱ्या वस्तूला पूर्वेकडे सुमारे ०.०९२ मी./से.² त्वरण मिळतं. ८५ किमीला भाजक साडेअकराच्या आसपास, म्हणजे ५ मी./से. च्या आसपास खोटा वारा, पूर्वेकडे जाणारा. आधी ते त्वरण वजा करा.

परीक्षकांना उत्तर एका वाक्यात द्या: रबरी फुगा ३० किमीच्या आसपास फुटतो, गोल ३० किमीला संपतो. एकाचं काम जिथे थांबतं तिथपर्यंत वरून दुसरा येतो. मधल्या ३० ते ९० किमीत विमान जात नाही, उपग्रह टिकत नाही.

मांजराकाठ

बिंदुसरा सर, भाजक साडेअकरा कसा आला? गुरुत्वत्वरण ९.५ आणि गोल तिथे सर्वात जोरात असेल तर त्वरण शून्य, भाजक ९.५ च राहील ना?

बिंदुसरा (बीड)

बरोबर पकडलंत. वेग सर्वाधिक असतो तो जिथे ओढ आणि वजन सारखं होतं तिथे, म्हणजे ८५ च्या एक-दोन किमी वर, आणि तिथे भाजक ९.५ च असतो. पण भाजक म्हणजे दुसरं काही नाही, दर किलोमागची ओढ. ८५ ला वेग ६६५, घनता ८.२ × १०⁻⁶, सीडी १.३ टाकलं की साडेअकरा येतात, कारण गोलाला तिथे ब्रेक लागायला सुरुवात झालेली आहे. त्या भागात एका किमीत ओढ १५-२० टक्के बदलते, म्हणून कुठल्या उंचीचा आकडा ते प्रत्येक वेळी लिहा.

गोदाकाठ (नांदेड)

लई उपकार. विंडो बदलली, गुरुत्वत्वरण उंचीप्रमाणे केलं, वारा शून्यावर आला. टेंगूळ चौथ्या फेरीत गेलं. आता खालच्या टोकाचं सांगा. ३२ किमीपाशी घनता पुन्हा ४ टक्के चुकतेय. आणि खरा गोल ३० लाच का संपतो? आत काय भरतात?

कापूसकोंड्या

३२ चे ४ टक्के म्हणजे उत्प्लावन (बाजूला सारलेल्या हवेने गोल वर उचलणं). गोलाचं घनफळ ०.५२४ घन मी., तिथली हवा ०.०१३६ किलो दर घन मी., म्हणजे ७ ग्रॅम हवा बाजूला सारली जाते. १६० पैकी ७. ४० किमीला २ ग्रॅम, ५० ला अर्धा ग्रॅम. वजनातून वजा करा.

आता गोलाचं. पातळ पॉलिएस्टरची फिल्म, १२ मायक्रॉनच्या आसपास, आपण मायलर म्हणतो ती, वर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. कलिंगडाच्या फोडींसारखे पट्टे कापून जोडतात. नुसती फिल्म मोजली तर ५५ ग्रॅम भरते, बाकी जोड, कुपी आणि तिच्यातला गोल फुगवणारा द्रव. मुलामा रडारसाठी. ५-६ सेंमी तरंगलांबीच्या रडारला गुळगुळीत धातूचा गोल कुठूनही सारखाच दिसतो, परावर्तन क्षेत्र म्हणजे त्याचं छेदक्षेत्र, ०.७८५ चौ. मी. सुरुवातीच्या अमेरिकी 'रॉबिन' गोलांत आत कोपरा-परावर्तक (रडारची लहर आली तशी परत फेकणारा) ताणलेला असे. तो फाटला किंवा वाकडा बसला तर खूण फिकी. मुलामा आल्यावर ती कटकट मिटली.

फुगवायला आयसोपेंटेन. याचा उत्कलनबिंदू २८ अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये बाटली उघडली तर टेबलावरच उकळेल (आणि भयंकर ज्वालाग्राही आहे, प्रयोगशाळेत हौस नको). कारण सोपं आहे: द्रव असताना लहानशा कुपीत मावतो, आणि उणे ५० लाही त्याचा बाष्पदाब २० मिलिबारच्या वर राहतो, म्हणजे थंडीत पुन्हा द्रव होऊन गोल सुरकुतत नाही. किती लागतो ते तुम्हीच काढू शकता: दाब ११०० पास्कल, घनफळ ०.५२४, तापमान २५० केल्विन, येतात ०.२८ मोल, म्हणजे २० ग्रॅम.

आत ११-१२ मिलिबार. बाहेरचा दाब ३० किमीला १२ मिलिबार. तिथे दोन्ही सारखे झाले की गोल मऊ पडतो, चेपतो, खेळ खलास. जास्त भरला तर खालपर्यंत चालेल हे खरं, पण फिल्म जाड हवी, वजन वाढतं, आणि वरचे किमी हातचे जातात. हा सौदा आहे.

बिघडतं कुठे:

सगळ्यात वाईट म्हणजे कुपी न फुटणं. गोल चिंधीसारखा पडतो, वेग जास्त, घनता वेड्यासारखी कमी. ते लगेच कळतं.

फसवणारं म्हणजे अर्धवट गळती. घडीच्या कोपऱ्यावर फिल्मला टाचणीएवढी छिद्रं पडतात. लोक त्याला फार घाबरतात, हिशेब करून बघा: १ चौ. मिमी छिद्रातून दर सेकंदाला ४ मिलिग्रॅम वाफ जाते. ११५ ते ३० किमी यायला साधारण दहा-अकरा मिनिटं, म्हणजे अडीच ग्रॅम, २० पैकी. गोल ३० ऐवजी ३१ ला चेपेल, इतकंच. जोड १ सेंमी उसवला आणि १ मिमी फाकला तर मात्र १० चौ. मिमी, आणि मग गोल ३५ च्या आसपासच संपतो. वर त्याला फारसा धोका नाही. ८० किमीला हवेचा मारा ४ पास्कलही नसतो आणि आत हजार आहेत. म्हणजे गळका गोल वरचं खरं सांगतो आणि खालचं खोटं. सगळी नोंद फेकू नका, तो कुठे चेपला ते शोधा.

शोधायचं कसं? चेपल्यावर क्षेत्र घटतं, गोल जोरात पडतो, घनता खऱ्यापेक्षा कमी निघते. दाब वरून बेरजेने आलेला असतो, तो बरोबरच असतो. दाब भागिले घनता, म्हणून तापमान अचानक वर उसळतं. ३८ किमीवर एकाएकी २० केल्विन वाढलेले दिसले तर तो वातावरणाचा चमत्कार नव्हे.

घडी करण्याआधी आतली हवा पंपाने काढावी लागते. १०० घन सेंमी राहिली तरी वर ती कितीतरी पट फुगते, आणि डार्टच्या (गोल घेऊन जाणाऱ्या, रॉकेटच्या भाल्यासारख्या वरच्या भागाच्या) नळीतून सुटताक्षणी, घडी उलगडायच्या आत, ती फिल्म फाडते. ही डार्ट पाच-साडेपाच सेंमी जाडीची. खालची रॉकेट मोटर दोन-एक सेकंदांत जळून संपते, मग डार्ट नुसती वेगावर ११० किमीच्या पुढे जाते. बाहेर काढताना कुपी, नळीचे तुकडे, गोल, सगळं एकाच वेळी मोकळं होतं. रडारवाल्याने चुकून तुकडा पकडला तर तुम्ही अर्धा तास लोखंडाची घनता काढत बसाल. ९० किमीच्या खाली जे झटकन मंदावतं ते गोल, जे मंदावत नाही ते डबडं.

मांजराकाठ

जरा बाजूचा प्रश्न. हैदराबादहून सोडलेले मोठे फुगे कधी कधी आपल्या जिल्ह्यांत शेतात उतरतात, पेपरात सूचना येते. ते हेच का?

सातमाळा

नाही. ते टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) पॉलिथिनचे फुगे, हायड्रोजनवर चढतात, खाली उपकरणाचा डबा आणि छत्री. तिथे उपकरण मोजतं, फुगा फक्त हमाल. पडत्या गोलात गोल स्वतःच उपकरण, आत एक तारही नसते. (आत त्वरणमापक ठेवलेले छोटे गोलही झालेत, मिशिगन विद्यापीठाच्या मंडळींनी १९५० च्या दशकात ते केलं. तिथे जड गोल चालतो, कारण रडारच्या दुहेरी फरकाची भानगड नाही.) शेतात डबा दिसला तर उघडू नका, वर पत्ता आणि सूचना लिहिलेली असते, पोलीस पाटलांना सांगा.

आणि केरळातल्या थुंबा केंद्रावरच्या आरएच-२०० रॉकेटची गल्लतही नको. ती ७० किमीच्या आसपास तांब्याच्या बारीक तारांचा भुगा सोडते, रडार त्याचा ढग पाहतं. त्यातून वारा उत्तम मिळतो, पण त्या भुग्याचं क्षेत्र-वस्तुमान कुणाला ठाऊक? घनता नाही मिळत. गोल महाग पडतो तो याच कारणाने: गोलाई हेच त्याचं प्रमाणपत्र.

गोदाकाठ, एक राहिलं. उभा वारा. हिशेबात आपण तो शून्य धरतो. घनतेतली चूक साधारण २ × उभा वारा ÷ पडण्याचा वेग. ५० किमीला वेग ९५, १ मी./से. च्या लाटेने २ टक्के. ४० ला वेग ४८, तेच ४ टक्के. खाली नॉइज कमी म्हणून आकडे सुंदर दिसतात, पण ही चूक विंडो लांब करून जात नाही.

गोदाकाठ (नांदेड)

शेवटचं विचारतो. प्रात्यक्षिक म्हणून काहीतरी खरंखुरं पाडून दाखवायचं आहे. १ मीटरचा फुगा गच्चीवरून सोडला तर?

बिंदुसरा (बीड)

नको. जमिनीवर त्या फुग्यातल्या हवेचंच वस्तुमान अर्ध्या किलोच्या वर, कातडं १०० ग्रॅम. वजन १०० ग्रॅमचं आणि जडत्व जवळपास किलोचं, स्थिर वेग यायला वेळ लागतो आणि झुळूक आली की गेला शेजारच्या वाड्यात. शिवाय रेनॉल्ड्स सव्वा लाखापुढे, तिथून सीडी कोसळायची जागा लांब नाही.

थर्मोकोलचा १० सेंमीचा गोळा घ्या. तराजूवर १० ग्रॅम भरला तर वेग ७ मी./से., रेनॉल्ड्स चाळीस हजार, सीडी ०.४७ धरायला हरकत नाही. १० मीटर पडल्यावर तो अंतिम वेगाच्या ९९ टक्क्यांवर असतो. त्याच्या खालचे ४ मीटर मोजा. म्हणजे एकूण १४ मीटर, कॉलेजच्या चार-पाच मजली जिन्याची मधली पोकळी. मोबाइलवर २४० फ्रेम, ४ मीटरला १३७ फ्रेम. एका फ्रेमची चूक म्हणजे वेगात ०.७ आणि घनतेत दीड टक्का. वीस वेळा पाडा.

जानेवारीत पहाटे १२ अंश आणि मेमध्ये दुपारी ४२, एवढ्या फरकाने हवेची घनता १० टक्के बदलते, वेग ५ टक्के, म्हणजे सात फ्रेम. आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा इथे कामाला येतो. फक्त दुपारी दारं-खिडक्या बंद ठेवा. जिन्यात गरम हवा अर्ध्या मी./से. ने वर चढली तरी घनता १४ टक्के चुकली, वर सातमाळांनी दिलेलंच सूत्र.

कुणी सुचवेल की कोरड्या विहिरीत सोडा, वारा नसतो. वारा नसतो हे खरं. पण तळाला कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो, त्याने घनताही बिघडते आणि गोळा आणायला उतरणारा माणूसही. नकोच.

कापूसकोंड्या

दोन गोष्टी. तराजू हवेतच ठेवलेला असतो, त्यामुळे तो उत्प्लावन वजा करूनच १० ग्रॅम दाखवतो. पुन्हा वजा केलंत तर साडेपाच टक्के खड्ड्यात. ३२ किमीला वजा करा म्हटलं ते गोलाच्या खऱ्या वस्तुमानातून, हे वेगळं.

आणि गोळा हाताने सोडू नका, बोटं त्याला फिरकी देतात आणि तो बाजूला सरकतो. दोऱ्याने टांगा, दोरा गोळ्याच्या अगदी टोकाशी जाळा. मोबाइलच्या २४० वरही डोळे झाकून विश्वास नको. काही फोन मध्येच फ्रेम गाळतात. चालू स्टॉपवॉचचं १० सेकंद चित्रण करून फ्रेम मोजा, २४०० भरतात का बघा, मग गोळा सोडा.